एका रात्रीचं माहेरपण

गेल्या महिन्यात एका शनिवारी दुपारी ओटिस आमच्याकडे राहायला आला आणि रविवारी संध्याकाळी परत गेला. एवढीच खरं तर गोष्ट. पण त्या दीड दिवसाने डोक्यात जो भुंगा सोडलाय तो काही केल्या गप्प बसेना, म्हणून हे लिहायला बसलो.

ओटिस म्हणजे अंदाजे पाच वर्षांचा, रुंद कपाळाचा, एक कान उभा आणि एक पडलेला असा कुत्रा. आमच्या इथल्या अमेरिकन गावातल्या शेल्टरमधे चार महिन्यांपासून आहे. शेल्टरवाल्यांची एक योजना आहे: ज्यांना कायमचा कुत्रा पाळणं शक्य नाही त्यांनी एखाद्याला एक दिवस, एक रात्र घरी न्यायचं. सोबत एक पिशवी मिळते. तिच्यात गळपट्टा, दोरी, मोजून बांधलेलं खाणं, एक जुनी चादर आणि एक फॉर्म. फॉर्मवर शेवटी प्रश्न, ‘तुम्हाला याच्याबद्दल काय नवीन कळलं?’

आमची सई नऊ वर्षांची. कुत्रा घरी येणार म्हणून आठवडाभर हवेत होती. रविवारी परत निघायच्या वेळी मात्र गाडीत बसायलाच तयार नाही. "बाबा, त्याला वाटेल आपण त्याला टाकून दिलं. परत सोडायचं होतं तर आणलं कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री आईला सांगलीला फोन केला, तर तिनेही आधी तेच विचारलं. मग थोडं थांबून म्हणाली, "अरे, पण आम्ही नाही का जायचो माहेरी? चार दिवसांसाठी? परत निघताना एसटीत बसेपर्यंत रडू आवरायचं नाही. म्हणून काय जायचंच नाही असं कोणी म्हटलं नाही हो."

आईचं उत्तर छान होतं, पण ती कुत्रा नव्हती. तिला परत कुठे जायचंय आणि का, ते ठाऊक होतं. ओटिसला काय ठाऊक? मग माझी जुनी खोड उफाळून आली. प्रश्न सुटेना की त्याच्या मागे मागे जायचं, तो सुरू कुठे झाला ते बघायचं.

तो सुरू होतो कोंडवाड्यात.

आपल्याकडे गावोगाव कोंडवाडा असायचा. मोकाट गुरं कोणाच्या शेतात शिरली की त्यांना आत घालायचं, मालकाने दंड भरला की सोडायचं. ब्रिटिशांनी १८७१ साली त्यासाठी कायदाही केला होता. इंग्लंड-अमेरिकेत कुत्र्यांच्या जागेला जो ‘पाउंड’ म्हणतात तो मुळात हाच, गुरांचा कोंडवाडा. गुरांच्या बाबतीत ही व्यवस्था अगदी शहाणपणाची, कारण म्हैस किमती, मालक दंड भरून तिला न्यायला येणारच. कुत्र्याला कोण येतो? गुरांसाठी केलेली व्यवस्था जशीच्या तशी ज्याला बाजारात किंमत नाही अशा जनावराला लावली आणि तिथेच सगळं बिनसलं. दोन-तीन दिवस थांबायचं, मग मारायचं.

न्यूयॉर्कची पद्धत तर वाचवत नाही. १८७० च्या दशकात तिथे पकडलेली कुत्री एका लोखंडी पिंजऱ्यात भरायची आणि तो पिंजरा यारीने ईस्ट रिव्हरमधे बुडवायचा. १८७७ च्या जुलैत एकाच दिवसात सातशेच्या वर कुत्री अशी बुडवली. प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध १८६६ साली तिथे संस्था काढणारा हेन्री बर्ग, या माणसाने हयातभर शहराचा कोंडवाडा चालवायला घ्यायचं नाकारलं. त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १८९४ मधे, त्याच्या संस्थेने ते काम अंगावर घेतलं आणि पुढची शंभर वर्षं निस्तरलं. फिलाडेल्फियाच्या कॅरोलिन अर्ल व्हाइटने आणि तिच्या बायकांच्या संस्थेने (स्थापना १८६९) मात्र आधीच आपल्या शहरातल्या कुत्र्यांची जबाबदारी घेतली होती.

आता इथे थोडं मुंबईला जाऊन येऊ, कारण या बाबतीत आपण बरेच पुढे होतो, आणि हे आपल्यातल्याही कितीकांना माहीत नसतं. कंपनी सरकारच्या मुंबईत उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा हुकूम निघायचा. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आणे म्हटल्यावर पकडणारे काय मोकाट आणि काय पाळीव बघणार! घराच्या आवारात शिरून कुत्री ओढून न्यायला लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान, माणूस गेल्यावर त्याच्या देहाला कुत्र्याची दृष्टी पडावी लागते. ६ जून १८३२ ला फोर्टात पारशांच्या जमावाने शिपायांना झोडपलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, जैन व्यापारीही बंदात उतरले. कुलाब्याच्या गोऱ्या सैनिकांचं सामानसुमान अडलं. शेवटी सैन्य आलं, धरपकड झाली, प्रकरण मिटलं. मिटताना मागणी काय होती, तर मारू नका, शहराबाहेर नेऊन ठेवा.

या सगळ्यात मध्यस्थी करणारे जमशेटजी जीजीभाई. त्यांनी आणि अमीचंद शहा यांनी दोनच वर्षांनी, १८३४ मधे, मुंबईची पांजरपोळ काढली. भुलेश्वरच्या गर्दीत ती अजून आहे. आज तिचं नाव काढलं की गाई डोळ्यासमोर येतात, पण तिच्या जन्माला कारण झाली ती कुत्री. जीव वाचवला पाहिजे एवढं आपल्याला १८३४ मधे पटलेलं होतं. वाचलेल्या जिवाने पुढे दिवसभर करायचं काय, हा प्रश्न मात्र ना इथे कोणी विचारला ना तिथे.

लंडनमधे मेरी टील्बीने १८६० साली हॉलोवे भागात आपलं घर काढलं. तिच्या ओळखीच्या एका बाईंनी रस्त्यावर मरायला टेकलेला कुत्रा उचलून स्वयंपाकघरात आणला होता, तो काही वाचला नाही, आणि त्यातून ही कल्पना निघाली. ‘टाइम्स’ने भरपूर टिंगल केली. माणसांना घरं नाहीत आणि कुत्र्यांना घर! (ही टिंगल आजही त्याच शब्दांत होते. दीडशे वर्षांत टिंगल करणाऱ्यांना नवीन काही सुचलेलं नाही.) चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात १८६२ मधे लेख आला, ‘टू डॉग शोज’, एकीकडे इझ्लिंग्टनचं श्रीमंती कुत्र्यांचं प्रदर्शन आणि दुसरीकडे हॉलोवेतली ही लक्तरं, आणि वारं फिरायला मदत झाली. मेरी टील्बी १८६५ मधे गेली. संस्था १८७१ साली बॅटर्सीला हलली आणि आज जगभर त्याच नावाने ओळखली जाते.

मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते मूळ नाव. ‘हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरतं घर’. तात्पुरतं! धर्मशाळेसारखं. रात्र काढा, पुढे जा. पण धर्मशाळेत माणूस महिनोन्महिने राहिला की ती धर्मशाळा राहत नाही, आणि नेमकं तेच झालं.

विसाव्या शतकात इमारती सुधारल्या. सुधारल्या म्हणजे सिमेंटच्या झाल्या. याला सबळ कारण होतं. कोंदट, दाटीवाटीच्या जागेत डिस्टेंपरसारखे रोग सरसर पसरायचे, १९७८ च्या सुमाराला त्यात पार्व्होची भर पडली. पाइप लावून धुता येईल अशी फरशी, उतार, गटार, लोखंडी जाळी. जंतूंच्या दृष्टीने उत्तम. पण सिमेंट, पत्रा आणि जाळी यांच्यात आवाज मुरत नाही, नुसता आपटत राहतो. एक भुंकला की चाळीस भुंकतात. केनेलमधल्या आवाजाची मापं घेतली आहेत, ती सहज शंभर डेसिबलच्या वर जातात. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. ओटिसला आणायला गेलो तेव्हा मी त्या बोळात जेमतेम दोन मिनिटं उभा होतो, बाहेर आल्यावर सईशी ओरडून बोलत होतो.

केनेल कुत्र्याचं काय करतं हे पहिल्यांदा नीट कळलं ते शेल्टरमधे नाही, प्रयोगशाळेत. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं कुत्र्यांच्या स्वभावाचा अभ्यास केला. तिथला एक प्रयोग १९६१ मधे ‘सायन्स’मधे छापून आला. उंच कुंपण घातलेल्या एकरभर मैदानात पिल्लं आयांबरोबर वाढवली, माणसाचं तोंड दिसू न देता. मग काही पिल्लांना दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात, अशी फक्त एका आठवड्याची सुट्टी दिली. आठ दिवस माणसांत आणायचं, खेळवायचं, परत मैदानात. काही पिल्लांना चौदा आठवडे अजिबात बाहेर काढलं नाही. ती पुढे रानटीच निघाली, माणसाजवळ येईनात. आणि ज्यांना योग्य वयात ती आठ दिवसांची सुट्टी मिळाली, ती माणसाळली.

आठ दिवस! परत त्याच कुंपणाआड गेली तरी त्या आठ दिवसांचं काहीतरी आत उरलं. हे वाचताना मला पहिल्यांदा सईला सांगण्यासारखं काही सापडलं. अर्थात ती पिल्लं होती आणि ओटिस बाप्या आहे, एकाचं दुसऱ्याला लावणं बरोबर नाही, हेही लगेच लक्षात आलं.

त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात सॅन राफेलला आंधळ्यांसाठी वाटाड्ये कुत्रे तयार करणारी संस्था एका कोड्यात अडकली होती. क्लॅरन्स फाफेनबर्गर हा तिथला माणूस. सुरुवातीच्या काळात दहातला जेमतेम एक कुत्रा शिक्षण पुरं करायचा. त्याने बार हार्बरच्या शास्त्रज्ञांची मदत घेतली आणि नोंदी तपासल्या. चाचण्यांत उत्तम ठरलेली पिल्लंसुद्धा नंतर नापास होत होती, आणि घरी पाठवायच्या आधी जितके आठवडे केनेलमधे जास्त काढलेले तितकं नापास व्हायचं प्रमाण जास्त. केनेलमधे कोणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. नुसतं ठेवत होतं. मग पिल्लं लगोलग घराघरांत पाठवायला लागले, बरीचशी शेतकऱ्यांच्या पोरांकडे, ‘फोर-एच’ नावाच्या मंडळांतून. पोरांनी वर्षभर वाढवायचं आणि मग शिक्षणासाठी परत द्यायचं. म्हणजे गाडीत बसायला नकार देणाऱ्या सईच्या पूर्वज मुलंमुली अमेरिकाभर विखुरलेल्या आहेत.

फाफेनबर्गरचं पुस्तक १९६३ मधे आलं. इतकं सगळं कळलेलं होतं, तरी ते शेल्टरच्या दारापर्यंत पोचायला आणखी तीस-चाळीस वर्षं गेली. का? माझा आपला अंदाज असा की ज्या ठिकाणी रोजचा प्रश्न ‘आज किती मारायचे’ हा असतो, तिथे ‘उरलेल्यांना करमतं का’ हे विचारायला कोणाची जीभ रेटत नाही.

मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली, आणि तीही तुरुंगात. १९८१ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बायकांच्या तुरुंगात सिस्टर पॉलीन क्विन या जोगिणीने शेल्टरमधले कुत्रे आणले. कैदी बायकांनी त्यांना शिकवायचं, सांभाळायचं, रात्री कोठडीतच झोपवायचं, आणि पुढे ते अपंगांच्या मदतीला द्यायचे. क्विनबाई स्वतः तरुणपणी घराबाहेर फेकल्या गेलेल्या, संस्थांत कोंडून राहिलेल्या, आणि एका अल्सेशियन कुत्रीने त्यांना सावरलं होतं. आता बघा, कुत्रा एका गजाआडून निघून दुसऱ्या गजाआड गेला. जागा काही फार मोठी झाली नाही. फरक एवढाच की या कोठडीत रात्री आणखी कोणाचा तरी श्वास ऐकू येतो. ही कल्पना पुढे अमेरिकेतल्या कितीतरी तुरुंगांत गेली.

शेल्टरमधल्या कुत्र्याच्या जिवाला काय होतं ते मोजायला सुरुवात झाली १९९० च्या दशकात. ओहायोतल्या डेटनमधे मायकेल हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी शेल्टरमधल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं (१९९७). ताण आला की कॉर्टिसॉल वाढतं, तसं ते पहिल्या तीन दिवसांत भरपूर वाढलेलं, मग हळूहळू उतरत जाणारं. त्यांच्या प्रयोगांत एक गंमत निघाली. बायकांनी कुरवाळलं तर कुत्र्यांवर परिणाम होई, पुरुषांनी कुरवाळलं तर तितका नाही. मग पुढच्या प्रयोगात पुरुषांना शिकवलं, असं बसा, हळू बोला, असा हात फिरवा, आणि फरक नाहीसा झाला. (हे बायकोला सांगायची चूक केली. "म्हणजे शिकवलं तर येतं", एवढंच म्हणाली.)

आणि मग सईच्या प्रश्नाला थेट भिडणारं काम. लिसा गुंटर, एरिका फॉयरबाकर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मधे प्रसिद्ध केलं. पाच शेल्टर, २०७ कुत्रे. प्रत्येकाला एक किंवा दोन रात्री कोणाच्या तरी घरी पाठवायचं. जायच्या आधी, घरी असताना आणि परत आल्यावर लघवीतलं कॉर्टिसॉल तपासायचं. (सकाळी सकाळी वाटी घेऊन कुत्र्यामागे फिरणारे स्वयंसेवक डोळ्यासमोर आणा. विज्ञान असं पुढे सरकतं.) घरी गेल्यावर कॉर्टिसॉल उतरलं. परत आल्यावर चढलं, पण जिथे आधी होतं तिथपर्यंतच, वर नाही. म्हणजे परत जाण्याने जखम आणखी खोल झाली असं मापात तरी दिसलं नाही. शिवाय हालचाल मोजणारी यंत्रं कुत्र्यांना लावली होती. घरी त्यांना सलग झोप लागत होती, आणि परत आल्यावरही विश्रांती जायच्या आधीपेक्षा बरी होती.

झोप! मी इतका वेळ प्रेमाचा, विरहाचा वगैरे विचार करत होतो आणि त्या जनावराला हवी होती झोप. ओटिसने आमच्याकडे येऊन काय केलं ते आठवलं. घरभर एकदा वास घेतला, अंगणात एक फेरी मारली, आणि सोफ्याच्या पायाशी जो आडवा झाला तो मधे एकदा जेवायला उठून थेट सकाळी सातला जागा झाला. सई हिरमुसली होती, "हा तर खेळतच नाही!"

सगळंच गोड निघालं असतं तर माझा विश्वास बसला नसता. पण याच लोकांनी २०२१ मधे नुसत्या दोन-अडीच तासांच्या फेरफटक्यांचा अभ्यास छापला, तर तिथे कॉर्टिसॉल उतरण्याऐवजी जरा वाढलेलंच दिसलं. नवी माणसं, गाडी, बाग, उत्साह, आणि टेकायच्या आत परत. त्यांनी ते लपवलं नाही, हे मला फार आवडलं. तरीही २०२३ मधे ५१ शेल्टरांतल्या कुत्र्यांची आकडेवारी आली, ती म्हणते की असा फेरफटका मिळालेले कुत्रे दत्तक जाण्याची शक्यता पाचपट, आणि काही रात्री घरी राहून आलेल्यांची चौदापट. अमुक पिंजऱ्यातला तपकिरी कुत्रा आणि ‘सोफ्याच्या पायाशी झोपतो तो ओटिस’ यात दत्तक घेणाऱ्याला फरक पडत असणार.

हे सगळं मी वाचत असताना पुण्यामुंबईच्या मित्रांच्या ढकलपत्रांत वेगळंच पेटलेलं होतं. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली रस्त्यावरची कुत्री उचलून शेल्टरांत ठेवायचा आदेश दिला, २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलून नसबंदी आणि लस देऊन बहुतेकांना परत जागेवर सोडायला सांगितलं, आणि ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनांच्या आवारातली कुत्री उचलून पुन्हा तिथे सोडू नका असं म्हटलं. दोन्ही बाजूंचे मित्र माझ्यावर तुटून पडले. लहान पोरांना चावणारी कुत्री हा काही कोणी रचलेला भ्रम नाही. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, आणि ज्याच्या घरात ते घडलं त्याला भूतदया शिकवायला जाऊ नये. पण ‘शेल्टरमधे टाका’ हे वाक्य टाइप करायला जितकं सोपं तितकी ती जागा सोपी नसते, हे त्या बोळात दोन मिनिटं उभं राहून आल्यावर मला माहीत झालंय. ज्यांनी दीडशे वर्षं पिंजरे बांधले ते आता पिंजऱ्यातून एक रात्र तरी बाहेर कशी काढता येईल याची मापं घेतायत, आणि आपण फरशी कुठल्या मापाची घालायची त्याच्या निविदा काढणार. कोणी त्या नकाशात एवढं तरी लिहावं की आतल्या कुत्र्याला बाहेर कोण, कधी नेणार.

असो. भारतातल्या भांडणात इथे बसून जास्त बोलू नये.

रविवारी शेवटी सई गाडीत बसली, पण मागे, ओटिसच्या शेजारी. शेल्टरच्या दाराशी तो खाली उतरला. एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि तिथल्या मुलीमागून आत गेला. वळून वगैरे बघितलं नाही. सईला त्याचंच जास्त लागलं. पाच मिनिटांनी ती मुलगी बाहेर येऊन म्हणाली, झोपलासुद्धा.

मी फॉर्म भरत होतो. मुलांशी कसा वागतो, गाडीत उलटी करतो का, वगैरे. शेवटच्या प्रश्नापाशी अडलो, तेव्हा सईने पेन घेतलं. कुकर म्हणजे काय ते तिथल्या माणसाला कळावं म्हणून बाजूला चित्र काढलं, झाकणावर शिट्टी आणि वर वाफ. आणि खाली लिहिलं: पहिल्या शिट्टीला टेबलाखाली पळाला. दुसऱ्या शिट्टीला नुसतं डोकं वर केलं. तिसरीला उठलाच नाही.